नंदादेवीची वाट

(शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुर्गम शिखरांवरील पहिल्या चढायांविषयी मी आपल्यापुढे बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. विषय मोठा आहे. हिमालयातील एकेका शिखराची हकिगत सांगू लागलो, तर नावे, उंची आणि तारखा यांची एक लांबलचक यादी तेवढी तयार होईल आणि उद्या त्यातले काहीही आपल्या ध्यानात राहणार नाही. म्हणून मी एकच शिखर निवडले आहे. ते शिखर म्हणजे नंदादेवी.

ही निवड करण्यामागे एक कारण आहे. पहिल्या चढाईची वार्ता वर्तमानपत्रात येते, तेव्हा तीत दोन माणसांची नावे असतात आणि एक तारीख असते. वाचकाची अशी समजूत होते की, कोणी दोन धाडसी पुरुष डोंगराच्या पायथ्याशी गेले आणि चढून वर पोहोचले. नंदादेवीच्या बाबतीत ही समजूत मुळीच टिकत नाही. या पर्वताच्या दिशेने गिर्यारोहकांचा पहिला प्रयत्न झाला १८८३ मध्ये आणि माथ्यावर माणसाचे पाऊल पडले १९३६ मध्ये. म्हणजे एकूण त्रेपन्न वर्षे लागली. त्यांपैकी एक्कावन्न वर्षे केवळ पायथा गाठण्यात गेली आणि पुढचे शिखर अवघ्या दोन वर्षांत सर झाले. तेव्हा खरे दुर्गम काय होते, माथा की वाट, याचा विचार करावा लागतो.

प्रथम स्थलवर्णन पाहू. नंदादेवीची उंची ७,८१६ मीटर आहे. आजच्या उत्तराखंड राज्यातील चमोली जिल्ह्यात हे शिखर आहे. मुख्य शिखराच्या पूर्वेस, सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या धारेने जोडलेले, ७,४३४ मीटर उंचीचे नंदादेवी पूर्व हे जुळे शिखर उभे आहे. या दोघींच्या भोवती पर्वतांचे एक प्रचंड कडे आहे. त्याचा घेर सुमारे ११० किलोमीटर भरतो. आपल्याकडील एखाद्या डोंगरी किल्ल्याच्या तटाची कल्पना करा. बुरुजांच्या जागी सहा हजार चारशे मीटरहून उंच अशी डझनभर शिखरे बसवा, आणि बालेकिल्ल्याच्या जागी नंदादेवी. या तटाला एकच भगदाड आहे, ते पश्चिमेस. आतल्या खोऱ्यातील सर्व हिमनद्यांचे पाणी घेऊन ऋषिगंगा तेथून बाहेर पडते आणि रैणी गावाजवळ धौलीगंगेस मिळते. परंतु हा दरवाजा असा की, त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे आहेत आणि मधून नदी गर्जत धावते. पाय ठेवावा अशी सपाटी फारशी कोठे सापडत नाही.

गढवाल-कुमाऊँच्या लोकांच्या दृष्टीने नंदा ही देवी तर आहेच, पण त्याहून अधिक ती लेक आहे. दर बारा वर्षांनी निघणाऱ्या नंदादेवी राजजात यात्रेत तिला माहेराहून सासरी पोहोचवितात. २०१४ साली अशी यात्रा झाली होती. आपल्याकडे भाद्रपदात गौरी जेवून निघाल्या म्हणजे घरातील बायकांचे डोळे पाणावतात. त्याच जातीची ही भावना आहे. ऋषिगंगेच्या मुखाशी असलेल्या लाता गावात नंदेचे देऊळ आहे. या गावचे मेंढपाळ उन्हाळ्यात आपली मेंढरे घेऊन धरांसीच्या खिंडीपलीकडील कुरणांपर्यंत जात असत. म्हणजे दरवाजाच्या बाहेरची वाट त्यांच्या रोजच्या पायाखालची होती. ‘अज्ञात प्रदेश’ हा शब्द पुस्तकांत वाचताना तो कोणास अज्ञात होता, हे विचारावे.

१८८३ मध्ये ग्रॅहम नावाचे इंग्रज गिर्यारोहक दोन स्विस सोबत्यांसह ऋषिगंगेच्या घळईत शिरले. भारवाहक सोडून गेले आणि त्यांना परतावे लागले. १९०५ मध्ये डॉ. लाँगस्टाफ पूर्वेकडून तटाच्या एका खिंडीवर चढले. आतल्या खोऱ्यात डोकावून पाहणारे ते पहिले गिर्यारोहक. परंतु आत उतरणे त्यांना जमले नाही. १९०७ मध्ये ते पुन्हा आले, या वेळी पश्चिमेकडून. घळईचा वरचा भाग त्यांनाही चुकवावा लागला. मात्र त्या फेरीत त्यांनी तटावरील त्रिशूळ हे ७,१२० मीटर उंचीचे शिखर १२ जून रोजी सर केले. त्यांच्याबरोबर ब्रोशरेल हे दोघे आल्प्समधील वाटाडे बंधू होते आणि करबीर बुराठोकी हा गुरखा सैनिक होता. एका दिवसात सुमारे १,८०० मीटर चढून ते माथ्यावर गेले. सात हजार मीटरहून उंच शिखरावरील ही पहिली नोंदलेली चढाई होय. करबीरचे नाव आपल्या शाळांतून कितपत सांगितले जाते, याची मला शंका आहे.

त्यानंतर ह्यू रटलेज आले. हे गृहस्थ सनदी नोकर होते, अल्मोड्याचे डेप्युटी कमिशनर. पुढे १९३३ आणि १९३६ च्या एव्हरेस्ट मोहिमांचे नेतृत्व त्यांच्याकडेच आले. १९२६ ते १९३२ या काळात त्यांनी नंदादेवीच्या तटाला तीन वेळा वेगवेगळ्या बाजूंनी भिडून पाहिले. तिन्ही वेळा तट जिंकला.

आता १९३४ कडे येऊ. या वर्षी जे घडले, ते माझ्या मते १९३६ च्या विजयाहूनही मोठे आहे. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज, आणि अंग थारके, पासंग व कुसांग हे तीन शेर्पा, अशी अवघी पाच माणसे होती. त्या काळी हिमालयातील मोहीम म्हणजे शेकडो भारवाहकांचे लटांबर, असा रिवाज होता. या पाच जणांनी तो मोडला. आटा, तांदूळ, तूप असे स्थानिक अन्न घ्यावयाचे, शेर्पा जे खातील तेच आपण खावयाचे, आणि ओझे सर्वांनी उचलावयाचे, असा त्यांचा शिरस्ता होता. जोशीमठहून काही भारवाहक घेऊन ते घळईच्या मध्यापर्यंत पोहोचले. तेथून भारवाहकांना निरोप दिला, आणि पुढे फक्त पाच माणसे उरली.

घळईचा राहिलेला भाग नकाशावर जेमतेम सहा-सात किलोमीटरांचा. तेवढ्यासाठी आठवड्याहून अधिक काळ लागला. कड्यावर आडव्या, हातभर रुंदीच्या पायऱ्या शोधावयाच्या. एखादी पायरी शंभर पावलांवर अवकाशात संपली की मागे फिरावयाचे. दुसरी सापडली की तिच्यावरून एक ओझे पुढे नेऊन ठेवावयाचे आणि दुसऱ्यासाठी परत यावयाचे. नदी दोरीच्या आधाराने ओलांडावयाची, आणि पलीकडे वाट नाही असे कळले की पुन्हा अलीकडे यावयाचे. अखेर ते आतल्या खोऱ्यात उतरले. समोर विस्तीर्ण हिरवी कुरणे, फुले आणि माणसाला न बुजणारी जनावरे. त्या खोऱ्यात माणूस पोहोचल्याची त्यापूर्वीची नोंद नाही.

पावसाळा सुरू झाला म्हणून ते बाहेर पडले. मधल्या काळात त्यांनी बद्रीनाथच्या परिसरातील दुर्गम खिंडी ओलांडल्या. ऑगस्टअखेर माणा गावची माणसे बरोबर घेऊन ते पुन्हा आत शिरले, दक्षिणेकडील भागाची पाहणी केली आणि नंदादेवीच्या दक्षिण धारेवर काही अंतर चढून पाहिले. धार चढण्याजोगी आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. माथा गाठण्याचा हट्ट केला नाही, कारण तेवढी साधने व माणसे त्यांच्याजवळ नव्हती. मग दक्षिणेच्या सुंदरढुंगा खिंडीवरून ते बाहेर उतरले.

त्याच १९३४ च्या जुलैमध्ये हिमालयाच्या दुसऱ्या टोकाला नंगा पर्वतावर एक मोठी, सुसज्ज जर्मन मोहीम वादळात सापडली आणि तीन जर्मन गिर्यारोहक व सहा शेर्पा उतरताना मृत्यू पावले. लहान तुकडी नेहमीच सुरक्षित असते, असे मी म्हणणार नाही. परंतु मोठ्या तुकडीला मागे फिरणे अवघड जाते, हे त्या वर्षी दिसून आले.

दोन वर्षांनी चढाईची मोहीम निघाली. तिच्यात चार अमेरिकन व चार ब्रिटिश सभासद होते. चार्ल्स ह्यूस्टन, लूमिस, एमन्स व अ‍ॅडम्स कार्टर हे तरुण अमेरिकन. आणि टिलमन, भूगर्भशास्त्रज्ञ नोएल ओडेल, पीटर लॉइड व प्राध्यापक ग्रॅहम ब्राउन हे ब्रिटिश. त्या हंगामात अनुभवी शेर्पा एव्हरेस्ट आणि काराकोरमच्या मोहिमांनी आधीच नेले होते. त्यामुळे टिलमन यांना उरलेल्यांतून सहा जण निवडावे लागले. आणखी एक गोष्ट आपणा सर्वांस नवलाची वाटेल. या मोहिमेला आरंभी नेताच नव्हता. पर्वताच्या अंगावर बऱ्याच उंचीवर गेल्यानंतर, शिखराकडे कोणी जावयाचे हे ठरविण्याची वेळ आली, तेव्हा सभासदांनी गुप्त मतदान घेतले आणि टिलमन यांची निवड केली. निवडणूक आधी आणि काम नंतर, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. येथे तो उलटा होता.

भर पावसाळ्यात ही मंडळी ऋषिगंगेच्या घळईत होती. नदीला पूर आला होता. एका ओढ्याच्या संगमाशी पश्चिम नेपाळातील डोटी भागातून आलेल्या भारवाहकांनी पाणी ओलांडण्यास नकार दिला आणि ते परत गेले. माणाचे लोक राहिले. गिर्यारोहणाच्या पुस्तकांतून अशा प्रसंगी भारवाहकांस भित्रे ठरविण्याची चाल आहे. मला ती न्याय्य वाटत नाही. ठरलेल्या रोजावर, पाठीवर ओझे घेऊन, अनवाणी किंवा साध्या पायताणाने पुराचे पाणी ओलांडणाऱ्यास नकार देण्याचा अधिकार असलाच पाहिजे. माथ्याचे श्रेय त्यास मिळावयाचे नव्हते.

पुढच्या अडचणी एकामागून एक आल्या. पर्वतावर असताना चहाचा सगळा साठा धारेवरून पलीकडे कोसळला. इंग्रजांना हा मोठाच आघात होता. आपण तो समजू शकतो! याहून गंभीर म्हणजे शेर्पा आजारी पडू लागले. त्यांचा प्रमुख पासंग किकुली याला हिमांधत्व आले. अनेक एव्हरेस्ट मोहिमांवर गेलेला कितार हा जुना, जाणता शेर्पा पायथ्याच्या तळावर हगवणीने वारला. नंदादेवीच्या पहिल्या चढाईत एका माणसाचा जीव गेला आहे. त्याचे नाव कितार. वरच्या छावण्यांपर्यंत ओझी वाहण्यास आता कोणी उरले नव्हते, तेव्हा सभासदांनी ती स्वतः वाहिली.

शिखरासाठी ओडेल व ह्यूस्टन यांची जोडी ठरली. सात हजार मीटरच्या वर त्यांनी एक लहानसा तंबू उभारला. रात्री डब्यातील मांस बाधून ह्यूस्टन अत्यवस्थ झाले. सकाळी ओडेल यांनी खालच्या छावणीस ओरडून सांगितले, ‘चार्ली इज इल’, म्हणजे चार्ली आजारी आहे. वाऱ्यात खाली ऐकू गेले, ‘चार्ली इज किल्ड’, म्हणजे चार्ली ठार झाला. खालचे लोक जड मनाने प्रेत आणण्याच्या तयारीने वर चढले, आणि पाहतात तो ह्यूस्टन जिवंत! ह्यूस्टन यांनी स्वतःच असा आग्रह धरला की, मी खाली उतरतो, माझ्या जागी टिलमन यांनी येथे राहावे, म्हणजे वर आणलेले सामान व्यर्थ जाणार नाही. त्यांच्या वयाच्या तरुणाने, शिखर डोळ्यांसमोर असताना, असे म्हणणे सोपे नव्हते.

२९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन व ओडेल सकाळी सहाच्या सुमारास निघाले आणि दुपारी तीन वाजता माथ्यावर पोहोचले. कृत्रिम प्राणवायू वापरला नव्हता. मनुष्याने तोवर सर केलेले हे सर्वांत उंच शिखर होते, आणि १९५० मध्ये फ्रेंचांनी अन्नपूर्णा सर करीपर्यंत तो विक्रम टिकला. कोण दोघे माथ्यावर गेले, ती नावे जाहीर करू नयेत, असाही मोहिमेचा आरंभीचा विचार होता. वर्तमानपत्रांनी अर्थातच तो फार काळ टिकू दिला नाही. पासंग किकुलीचे पुढे काय झाले, तेही सांगून ठेवतो. १९३९ मध्ये के-टू शिखरावर वर अडकलेल्या एका अमेरिकनास सोडविण्यासाठी तो चढून गेला आणि परत आला नाही.

त्याच २९ ऑगस्टला, नंदादेवीच्या दक्षिणेस, पिंडर नदीला पूर येऊन थराली गावात सुमारे चाळीस माणसे बुडाली. देवीचा माथा बाटविल्याने हे झाले, असे लोक म्हणाले. पाऊस आणि उतारावरची माती हे पुराचे कारण आहे, हे शिक्षकांनी मुलांना सांगितलेच पाहिजे. परंतु लोक तसे का म्हणाले, हेही सांगावे. आपल्या लेकीच्या घरात कोणी न विचारता शिरले, ही ती तक्रार होती.

यानंतरचा इतिहास मी भरभर सांगतो. १९३९ मध्ये पोलिश तुकडीने नंदादेवी पूर्व सर केले. १९५१ मध्ये त्याच शिखरावर फ्रेंच मोहिमेबरोबर तेनझिंग चढले; मात्र दोन्ही शिखरांना जोडणारी धार पार करू पाहणारे दोन फ्रेंच गिर्यारोहक परत आले नाहीत. मुख्य शिखरावर दुसरी चढाई १९६४ मध्ये भारतीयांनी केली. नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील तुकडीतील नवांग गोंबू आणि दावा नोर्बू माथ्यावर पोहोचले. पुढच्याच वर्षी, चीनच्या अणुचाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी भारत व अमेरिका यांच्या गुप्तचर यंत्रणांनी अणुशक्तीवर चालणारे एक उपकरण या पर्वतावर नेले. वादळामुळे ते वाटेतच बांधून ठेवावे लागले, आणि १९६६ च्या वसंतात पाहिले तर ते नाहीसे झाले होते. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत या गोष्टीस दुजोरा दिला. त्या काळात खालच्या गावांना याचा पत्ताही नव्हता.

१९७४ पासून आतले खोरे परदेशी मोहिमांसही खुले झाले आणि रीघ लागली. त्याच वर्षी मुंबईचे हरीश कपाडिया हे तटावरील देवटोली शिखर चढून उतरताना हिमभेगेत कोसळले. जायबंदी अवस्थेत सोबत्यांनी त्यांना कित्येक दिवस वाहून तळापर्यंत आणले, तेव्हा कोठे तेराव्या दिवशी हेलिकॉप्टरने त्यांची सुटका झाली. आत जाणे सोपे झाले होते, बाहेर येणे नव्हे. १९८१ मध्ये रेखा शर्मा, हर्षवंती बिष्ट आणि चंद्रप्रभा ऐतवाल या भारतीय महिला मुख्य शिखरावर पोहोचल्या. एकीकडे अशी कामगिरी. दुसरीकडे तळांवर डब्यांचे ढीग, जळणासाठी तोडलेली झुडपे आणि कस्तुरीमृगांची चोरटी शिकार. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि १९८३ पासून खोरे गिर्यारोहक, भारवाहक व मेंढपाळ या सर्वांनाच बंद झाले. १९८८ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. १९९३ मध्ये सैन्याच्या तुकडीने शास्त्रज्ञांसह आत जाऊन साचलेला कचरा बाहेर काढला. वनस्पती व प्राणी सावरत असल्याचे नंतरच्या पाहण्यांत आढळले. बंदी निष्कारण नव्हती.

परंतु पंचायत सदस्य मित्रहो, येथे रैणी आणि लाता या गावांकडे पाहावे लागते. २६ मार्च १९७४ रोजी रैणीचे पुरुष नुकसानभरपाई घेण्यासाठी चमोलीस गेले असता जंगलतोडीस माणसे आली. तेव्हा गौरादेवी यांच्या पुढाकाराने गावच्या सत्तावीस स्त्रियांनी झाडांना कवटाळण्याची तयारी दाखवून ती परतवून लावली. चिपको आंदोलनातील हा प्रसंग आपण पाठ्यपुस्तकांतून शिकवितो. ज्यांनी जंगल राखले, त्यांनाच नऊ वर्षांनी आतली कुरणे बंद झाली. मोहिमांबरोबर जाऊन मिळणारी मजुरीही गेली. ज्या वाटेच्या पहिल्या अर्ध्या भागावर त्यांच्या वाडवडिलांनी सर्व मोहिमांस नेले होते, त्या वाटेवर ते परके ठरले. हा निर्णय घेताना ग्रामसभा झाली होती का? २००१ मध्ये लाताच्या ग्रामसभेने स्वतःच एक जाहीरनामा संमत केला. पर्यटन व्हावे, पण ते गावाच्या हाती असावे. निसर्ग राखावा, आणि राखणाऱ्याचा हक्कही राखावा, असा त्याचा आशय आहे. पुढे बाहेरच्या भागात काही अंतरापर्यंत मर्यादित संख्येने पदयात्रींना परवानगी मिळू लागली.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंटी शिखराच्या कुशीतून खडक व बर्फ यांचा प्रचंड लोट सुटला. सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर एवढा तो असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ऋषिगंगेतून तो रैणीवर आला. तेथील जलविद्युत प्रकल्प वाहून गेला, तपोवनच्या बोगद्यात कामगार अडकले, आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली वा बेपत्ता झाली. अनेक ग्रामस्थांना १९६५ च्या हरवलेल्या उपकरणाचा संशय आला. शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांवरून कारण दाखवून दिले आणि त्याचा उपकरणाशी संबंध आढळला नाही. तरीही मला त्या संशयाचे नवल वाटत नाही. जे घडले तेव्हा सांगितले नाही, त्याचा हिशेब लोक पन्नास वर्षांनीही मागतात. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रैणीची जमीन खचू लागली, आणि गौरादेवींचा पुतळा गावातून हलवावा लागला.

नंदादेवीची वाट पुन्हा खुली करावी काय, ही चर्चा अधूनमधून निघते. गिर्यारोहक संस्था, वनखाते, राज्य शासन यांचे म्हणणे त्या चर्चेत ऐकू येते. लाताच्या ग्रामसभेचा २००१ चा ठराव कागदावर उपलब्ध आहे.